हंगाम संपताच ट्रॉलीची चाके उघडावीत

जानेवारीच्या पहाटे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील कोणत्याही साखर कारखान्याच्या रस्त्याने गेले असता उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग दृष्टीस पडते. त्या रांगेपर्यंत पोहोचू न शकलेली एखादी ट्रॉली वाटेतच कोठेतरी एका कुशीवर कललेली आढळते. तिच्या एका चाकाचा तुंबा काळवंडलेला असतो, जळक्या ग्रीसचा उग्र वास सुटलेला असतो आणि चालक हवालदिल होऊन मिस्त्रीची वाट पाहत उभा असतो. ट्रॅक्टर उत्तम असतो, टायर नवे असतात, ऊसही भरघोस वजनाचा असतो. मोडलेली वस्तू एवढीच, की तुंब्यात लपलेले, तळहातावर मावेल असे एक बेअरिंग.

या लहानशा वस्तूच्या मोडण्याने होणारे नुकसान मात्र लहान नसते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपास जावा हे इष्ट होय. ऊस जसजसा पडून राहतो तसतसे त्यातील पाणी उडून वजन घटते आणि साखरेचे विघटन होऊन तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज बनू लागतात. म्हणजे शेतकऱ्याचे वजनात नुकसान होते आणि कारखान्याचे उताऱ्यात. तोडणीची टोळी खोळंबते, पाळी चुकते. याहूनही गंभीर गोष्ट अशी की, बेअरिंग पूर्ण वितळून आसाचे टोक तुटल्यास भरधाव ट्रॉलीचे चाक निखळून रस्त्यावर धावते. अंधारात समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्यातून स्वतःला वाचविण्यास अवधी मिळत नाही.

हे अपघात अचानक घडल्यासारखे वाटतात, परंतु त्यांचे बीज बहुधा अनेक महिने आधी पडलेले असते. ते पडते हंगामात नव्हे, तर हंगामानंतरच्या विश्रांतीच्या काळात. म्हणूनच चाके उघडण्याची खरी वेळ दसऱ्याच्या तोंडावर नसून शेवटची खेप टाकून ट्रॉली घरी परतते ती होय, हे शेतकरी बंधूंनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

वंगणाच्या नळीपासून बंद तुंब्यापर्यंत

लाकडी चाकाच्या बैलगाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असे. चाक करकरू लागले की गाडीवान गाडी थांबवी, खीळ काढी, चाक थोडे सरकवून आसावर वंगणाचा बोळा फिरवी आणि पुढे चालू लागे. चाकाची तक्रार कानांना ऐकू येई आणि तिचे निवारणही तत्काळ होई. आजचे चाक करकरत नाही. त्याचा तुंबा, ज्यास आता सर्वत्र हब म्हटले जाते, पुढून टोपणाने व मागून सीलने बंद केलेला असतो. वंगण आत, नजरेआड असते. ही सोय मोठी आहे. पण तिच्यामुळे वंगण देण्याची जुनी सवय सुटली आणि न दिसणाऱ्या वस्तूचा विसर पडला.

ट्रॉलीच्या तुंब्यात वापरले जाणारे निमुळत्या रोलरचे बेअरिंगही मुळात गाडीसाठीच जन्मास आले. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात घोडागाड्या बनविणारे हेन्री टिमकेन यांना या रचनेचे पेटंट १८९८ साली मिळाले. गाडी वळताना चाकावर वरून पडणाऱ्या भाराखेरीज आडवा रेटाही बसतो. साधा गोल रोलर वरचा भार पेलतो, पण आडव्या रेट्यास तो दाद देत नाही. रोलर निमुळता करून तिरपा बसविल्यास तो दोन्ही भार पेलतो. ट्रॉलीच्या प्रत्येक तुंब्यात अशी दोन बेअरिंगे परस्परांकडे निमुळती बाजू करून बसविलेली असतात. आतल्या बाजूचे मोठे व बाहेरच्या बाजूचे लहान असते.

प्रत्येक बेअरिंगचे दोन भाग असतात. बाहेरील कडे, ज्यास मिस्त्री कप म्हणतात, तुंब्यात घट्ट ठोकून बसविलेले असते. आतील कडे रोलर व त्यांचा पिंजरा यांसह आसाच्या टोकावर बसते. या दोहोंच्या मधून ग्रीसचा अत्यंत पातळ थर वाहत असतो. तो थर असेपर्यंत पोलाद पोलादाला प्रत्यक्ष घासत नाही. बेअरिंगची निगा म्हणजे त्या थराचे रक्षण, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्या थरावर किती काम पडते याचा हिशेब सोपा आहे. चाकाचा व्यास ९० सेंटीमीटर धरला तर एका किलोमीटरला ते सुमारे ३५० फेरे घेते. कारखाना २० किलोमीटरवर असल्यास जाऊन येऊन १४,००० फेरे होतात. दिवसाला एकच खेप धरली तरी १०० दिवसांत चाक १४ लाख वेळा फिरते, आणि त्यातील निम्मे फेरे पूर्ण भाराखाली होतात.

पाणी आत शिरते कसे

बेअरिंगचा पहिला शत्रू पाणी होय. सील असताना पाणी आत जाईलच कसे, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर हवेच्या गुणधर्मात आहे. खेप संपवून आलेल्या ट्रॉलीचा तुंबा तापलेला असतो. आतील हवा ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापली आहे असे मानू. अशा स्थितीत ट्रॉली ओढ्यात किंवा नदीच्या उतारावर धुण्यासाठी उभी केली की तुंबा झपाट्याने २५ अंशांपर्यंत थंड होतो. आतील हवा आकसते व तिचा दाब सुमारे एक अष्टमांशाने उतरतो. बाहेर पाणी आणि आत ओढ, अशा वेळी सीलच्या झिजलेल्या ओठातून पाणी आत खेचले जाते. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढल्यावर जे घडते तेच येथे घडते.

ज्या देशांत लहान होड्या दोनचाकी गाडीवर चढवून मोटारीमागे किनाऱ्यापर्यंत नेतात, तेथे या गोष्टीचा अनुभव सर्वांत कटू आहे. होडी उतरविण्यासाठी ती गाडी थेट पाण्यात घालावी लागते, आणि लांबच्या प्रवासाने तापलेला तुंबा त्या क्षणी पाणी ओढून घेतो. म्हणून तेथे प्रथम तुंबे निवू देणे, मगच गाडी पाण्यात घालणे आणि मोसम संपताच बेअरिंगे साफ करून नवे ग्रीस भरणे, असा दंडक पडलेला आहे. कित्येक गाड्यांना तर स्प्रिंगचे टोपण असते. ते आतील ग्रीसवर सतत हलका दाब ठेवून पाण्यास वाव देत नाही. उसाची ट्रॉली होडी वाहत नाही, पण ओढ्याचे उतार, पाणंदीतील चिखल, पाटाच्या पाण्याने भरलेल्या चाकोऱ्या आणि हंगामाअखेरची नदीवरील धुलाई यांमुळे तिच्या तुंब्यांची गत तीच होते.

आत शिरलेले पाणी ग्रीसमध्ये घोटले जाऊन ग्रीस दुधाळ बनते. हंगामात चाक फिरत असते तोवर हे पाणी एका जागी स्थिर राहत नाही. खरी हानी पुढे होते. एप्रिलमध्ये ट्रॉली गोठ्याशेजारी किंवा बांधावर उभी केली जाते व दसऱ्यापर्यंत तिला कोणी हात लावत नाही. या पाच-सहा महिन्यांत, ज्यांत अख्खा पावसाळा येतो, प्रत्येक रोलर कड्यावर एकाच जागी टेकून राहतो. त्या टेकण्याच्या रेघेवर पाणी साचते आणि गंज पोलाद खातो. ऑक्टोबरात ट्रॉली पुन्हा जुंपली जाते तेव्हा कड्यावर रोलरच्या अंतराअंतराने बारीक खोलगट रेघा उमटलेल्या असतात. त्या रेघांवरून भारलेले रोलर लाखो वेळा जातात, रेघांच्या कडा तुटतात, पोलादाचे कण ग्रीसमध्ये मिसळतात व तेच कण पुढे कानशीप्रमाणे काम करतात. डिसेंबर-जानेवारीत तुंबा जळतो तो या क्रमाने.

दसऱ्याच्या सुमारास नवे ग्रीस भरल्याने हा गंज पुसला जात नाही. यास्तव ओलसर ग्रीस पावसाळाभर आत राहू न देणे, हाच एक उपाय उरतो.

तुंबा उघडण्याची रीत

ट्रॉली रिकामी करून सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी. जे चाक उचलावयाचे त्याखेरीज इतर चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. जॅकने आस उचलल्यावर त्याखाली मजबूत घोडी किंवा लाकडी ओंडके द्यावेत. केवळ जॅकवर तोललेल्या ट्रॉलीखाली कोणीही हात वा डोके घालू नये. भरलेली ट्रॉली तर कदापि उचलू नये.

प्रथम तुंब्याच्या बाहेरची माती ब्रशने खरवडून काढावी, म्हणजे ती आत पडणार नाही. मग टोपण काढावे, खाचांच्या नटातून आरपार गेलेली दुपाखी खीळ, म्हणजे कॉटर पिन, सरळ करून ओढून काढावी व नट सोडवावा. तुंबा किंचित पुढे ओढला की बाहेरचे लहान बेअरिंग हातात येते. तुंबा पूर्ण काढल्यावर मागचे सील उचकटून आतील मोठे बेअरिंग बाहेर घ्यावे. प्रत्येक चाकाचे सुटे भाग वेगळ्या पाटीत ठेवावेत. ज्या बेअरिंगचे रोलर ज्या कड्यावर फिरले त्याच कड्यावर ते परत गेले पाहिजेत. चार चाकांचे भाग एकत्र मिसळले तर धडधाकट बेअरिंगही लवकर झिजते.

जुने ग्रीस पुसण्यापूर्वी ते नीट पाहावे, कारण त्यातून बरेच काही कळते. दुधाळ ग्रीस म्हणजे पाणी शिरल्याची खूण. काळे, करपलेले व वास मारणारे ग्रीस अतितापाचे लक्षण होय. बोटांत चोळून उन्हात धरल्यावर चकाकणारे कण दिसले तर पोलाद तुटू लागले आहे असे समजावे.

त्यानंतर सर्व भाग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये ब्रशने धुवावेत. पेट्रोल वापरू नये, त्याची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेटते. धुतलेले बेअरिंग धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने टिपून सावलीत वाळवावे. गॅरेजमध्ये दाबाच्या हवेचा झोत मारून बेअरिंग गरगर फिरविण्याची जी हौस दिसते ती घातक आहे. कोरडे बेअरिंग त्या वेगाने ओरखडते, आणि पिंजरा फुटून रोलर गोळीसारखा उडाल्यास डोळा जाण्याचा प्रसंग येतो.

ठेवावे की बदलावे

स्वच्छ झालेले रोलर व कडी उजेडात फिरवून पाहावीत. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत व एकसारख्या राखी रंगाचा असेल तर बेअरिंग चांगले आहे. निळसर किंवा तपकिरी झाक दिसल्यास ते तापून पोलादाचा कठीणपणा गेला आहे. खड्डे, उडालेले टवके, रोलरच्या अंतराने पडलेल्या गंजाच्या रेघा किंवा ठसे, वाकलेला वा चिरलेला पिंजरा, यांपैकी एकही दोष आढळल्यास बेअरिंग बदलावे. काटकसर म्हणून केवळ रोलरचा भाग नवा घालून तुंब्यातील जुने बाहेरील कडे तसेच ठेवण्याची पद्धत आढळते. ती चुकीची आहे. जुन्या कड्यावरील खड्डे नवे रोलर थोड्याच दिवसांत खराब करतात. दोन्ही भाग जोडीनेच बदलले पाहिजेत.

बेअरिंगच्या कडेवर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. नवे बेअरिंग त्या क्रमांकावरूनच, खात्रीच्या दुकानातून, पावतीसह घ्यावे. क्रमांक वाचता येत नसल्यास जुने बेअरिंग सोबत न्यावे. नवे बेअरिंग बसविण्याच्या क्षणापर्यंत वेष्टनातून काढू नये.

बाहेरील कडे काढताना पितळी किंवा नरम लोखंडी छन्नी आलटून पालटून समोरासमोरच्या बाजूंवर ठेवून हळूहळू ठोकावे. गॅसच्या ज्योतीने तापवू नये. नवे कडे बसविताना त्याची जाड कड आत व पातळ कड बाहेर अशी ठेवावी आणि ते तिरके न होऊ देता चारी बाजूंनी सारखे ठोकत न्यावे. कडे तळाशी बसले की ठोक्याचा आवाज बदलतो. आधीचा बद्द आवाज जाऊन टणक नाद उमटतो. तो ऐकू येईपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये. रोलरवर किंवा पिंजऱ्यावर हातोडीचा एकही घाव पडता कामा नये.

सील मात्र दर वेळी नवेच घालावे. त्याचा स्प्रिंग असलेला ओठ ग्रीसच्या बाजूस, म्हणजे आत, असावा. सपाट लाकडी ठोकळा ठेवून ते समपातळीत बसवावे. आसावर ज्या जागी सीलचा ओठ टेकतो ती जागा बोटाने चाचपावी. तेथे खाच पडली असल्यास नवे सीलही पाणी अडवू शकणार नाही. आस प्रथम कारखान्यातून दुरुस्त करून घ्यावा.

ग्रीस कोणते व किती

सर्व ग्रीस सारखे नसते. सोडियम साबणाचे ग्रीस पाण्यात विरघळते. कॅल्शियम साबणाचे साधे ग्रीस पाण्यास दाद देत नाही, पण उष्णतेने पातळ होऊन वाहते. चाकाच्या तुंब्यासाठी या दोन्ही कसोट्यांस उतरणारे लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स जातीचे, दोन क्रमांकाच्या घट्टपणाचे ग्रीस योग्य ठरते. ट्रॉलीच्या निर्मात्याने पुस्तिकेत विशिष्ट ग्रीस सांगितले असल्यास तेच वापरावे. दोन भिन्न जातींची ग्रीसे एकत्र झाल्यास कित्येकदा दोन्ही पातळ होऊन गळू लागतात. जुने ग्रीस पूर्ण धुवून काढण्याचे हे आणखी एक कारण होय.

ग्रीस बेअरिंगच्या वरून फासून भागत नाही. स्वच्छ तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यावा आणि बेअरिंगची रुंद बाजू त्या गोळ्याच्या कडेवर दाबत राहावी. रोलरच्या फटीतून ग्रीस शिरून अरुंद बाजूने बाहेर डोकावू लागेपर्यंत दाबावे, मग बेअरिंग थोडे फिरवून पुढचा भाग घ्यावा. अशा रीतीने पूर्ण फेरा झाला म्हणजे बेअरिंग खऱ्या अर्थाने भरले. तुंब्याच्या पोकळीत मात्र तिसरा हिस्सा ते निम्मी जागा भरेल एवढेच ग्रीस घालावे. पोकळी गच्च भरल्यास ग्रीस घुसळले जाऊन तुंबा उगाच तापतो व सीलवर ताण येतो.

हे काम वारा व धूळ नसलेल्या जागी करावे. उसाच्या फडातील मातीचा एक कण ग्रीसमध्ये गेला तरी तो तेथून पुन्हा बाहेर पडत नाही.

नट आवळण्यातील मर्म

अनेक बेअरिंगे ग्रीसच्या अभावी नव्हे, तर नट अति आवळल्याने जळतात. ‘घट्ट ते चांगले’ ही समजूत येथे लागू पडत नाही. निमुळते रोलर पाचरीसारखे असतात. नट आवळत गेल्यास ते दोन कड्यांमध्ये चिरडले जातात, ग्रीसचा थर पिळून निघतो आणि चाक थोड्याच अंतरात तापते.

योग्य रीत अशी. एका हाताने चाक सतत फिरवीत दुसऱ्या हाताने पान्याने नट आवळत जावे. चाक जड फिरू लागले की थांबावे. याने बेअरिंगे आपापल्या जागी नीट बसतात. मग नट पूर्ण सैल करावा व नुसत्या बोटांनी, पाना न वापरता, लागेल तेवढाच लावावा. नटाची खाच आसातील छिद्रासमोर येत नसल्यास नट पुढे आवळू नये. मागे सोडून जवळची खाच जुळवावी. शेवटी कॉटर पिन घालून तिचे पाय दुमडावेत. ही पिन दर वेळी नवी असावी. तिच्या जागी खिळा किंवा तार घालणे म्हणजे चाक निखळण्यास निमंत्रण देणे होय.

हे झाल्यावर चाकाची वरची व खालची कड धरून हलवून पाहावी. जाणवेल न जाणवेल इतकी हालचाल असावी. बेअरिंगपाशी ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरते. चाक फिरविले असता ते खरखर न करता फिरून हळूहळू थांबावे.

भार व वेल्डिंग

बेअरिंगचे आयुष्य भाराच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून पुष्कळ अधिक वेगाने घटते. स्वीडनमधील लुंडबर्ग व पामग्रेन या शास्त्रज्ञांनी १९४७ साली मांडलेल्या व पुढे आंतरराष्ट्रीय मानकांत स्वीकारल्या गेलेल्या उपपत्तीवरून रोलर बेअरिंगचा हिशेब असा येतो: भार सव्वापट झाल्यास आयुष्य निम्म्याहून कमी होते, दीडपट झाल्यास सुमारे चौथाई उरते, आणि दुप्पट झाल्यास जेमतेम दहावा हिस्सा. दहा टनांच्या ट्रॉलीवर पंधरा टन लादणाऱ्याला दोन खेपांत तीन खेपांचा ऊस पोहोचल्याचे समाधान मिळते. परंतु चार हंगाम टिकणारी बेअरिंगे एका हंगामात संपतात. शिवाय हा हिशेब स्वच्छ व पुरेसे ग्रीस असलेल्या बेअरिंगचा आहे. त्यात पाणी मिसळले तर तेवढेही आयुष्य लाभत नाही.

दुसरी बाब वेल्डिंगची. ट्रॉलीचा साटा किंवा फळी जोडताना वेल्डर पुष्कळदा अर्थची पकड चाकाला किंवा सोयीच्या कोणत्याही लोखंडाला लावतो. त्यामुळे विजेचा प्रवाह बेअरिंगमधून जातो आणि रोलर व कडी यांच्यामध्ये ठिणग्या पडून सूक्ष्म खड्डे निर्माण होतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पण बेअरिंग त्या दिवसापासून निकामी होऊ लागते. अर्थची पकड जोडाच्या अगदी जवळ, ट्रॉलीच्या त्याच सांगाड्यावर लावण्यास वेल्डरला आवर्जून सांगावे.

बैलांच्या टायरगाड्या

बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून तोडणीसाठी येणारी कुटुंबे ज्या टायरगाड्या वापरतात, त्यांच्या तुंब्यांतही बेअरिंगेच असतात. येथे बिघाडाची झळ इंजिनाला नव्हे, मुक्या जनावराला बसते. बेअरिंग गंजले की गाडी जड होते आणि तो जडपणा बैलांच्या मानेवर येतो. बैल नेहमीच्या चढावर अडू लागले किंवा सपाटीवरही खांदा टाकू लागले तर चाबूक उगारण्याआधी गाडी रिकामी करून चाके उचलून फिरवून पाहावीत. बैलांचा पाय धुण्यासाठी गाडीसकट ओढ्यात उतरण्याची सवयही सोडणे हितावह आहे. बैल सोडून पाण्यावर न्यावेत, गाडी काठावरच ठेवावी.

वर्षाचा क्रम

शेवटची खेप टाकल्यावर, म्हणजे बहुधा मार्च-एप्रिलात, ट्रॉली प्रथम निवू द्यावी व मगच धुवावी. धुतल्यानंतर आठवड्याच्या आत चारी तुंबे उघडून वर सांगितल्याप्रमाणे साफसफाई, तपासणी व नवे ग्रीस भरणे ही कामे उरकावीत. त्यानंतर ट्रॉली छपराखाली, शक्य तर आसाखाली ओंडके देऊन चाके अधांतरी राहतील अशी ठेवावी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्रत्येक चाक हाताने पाच-दहा फेरे फिरवावे, म्हणजे रोलरची जागा बदलते व ग्रीस पुन्हा सर्वत्र पसरते. हे काम घरातील मुलेही मोठ्यांच्या देखरेखीखाली करू शकतात.

खंडेनवमीस अवजारांची पूजा होते. त्या निमित्ताने ट्रॉलीला हळदकुंकू वाहण्याआधी चाके हलवून पाहावीत, नट व कॉटर पिन तपासाव्यात आणि चाकांचे बोल्ट आवळावेत. तुंबा त्या वेळी उघडण्याची गरज पडू नये, अशी एप्रिलमधील कामाची अपेक्षा आहे.

हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यापाशी ट्रॉली थांबली की चालकाने चारी तुंब्यांजवळून उलटा हात न्यावा व नंतर बेताने स्पर्श करावा. कोमट तुंबा स्वाभाविक आहे. चारांपैकी एकच तुंबा इतरांहून स्पष्टपणे गरम लागला, किंवा हात टेकवून ठेवणे अशक्य झाले, तर त्या चाकात दोष आहे. ब्रेक असलेल्या चाकांत ब्रेक घासत नाही ना, हेही पाहावे. रिमच्या आतील बाजूस ग्रीसचे ओघळ दिसल्यास सील फुटले असे समजावे. वाटेत तुंबा धुरावू लागला तर त्यावर पाणी ओतू नये. थंड पाण्याने तापलेले पोलाद तडकते आणि राहिलेल्या सीलमधून पाणी आत शिरते. ट्रॉली रस्त्याच्या कडेला घ्यावी, मागे दूरवर इशारा देणारे त्रिकोण व दिवे लावावेत आणि ऊस दुसऱ्या वाहनात उतरवूनच दुरुस्ती करावी. ओढ्यातून जाण्याखेरीज मार्ग नसेल तर पाण्यात उतरण्यापूर्वी ट्रॉली थोडा वेळ काठावर निवू द्यावी. ज्या ट्रॉलीचा तुंबा नियमाने पाण्यात बुडतो, तिची बेअरिंगे हंगामाच्या मध्यावरही एकदा उघडून पाहावीत.

ट्रॉलीची चारी चाके उघडून पुन्हा बसविण्यास दोन जाणत्या माणसांना एखादा दिवस लागतो. एप्रिलचा तो एक दिवस काढण्यास शेतकरी सहसा नाखूष असतो. हंगाम संपलेला असतो, अंग शिणलेले असते, आणि ट्रॉली तर बिनतक्रार घरी आलेली असते. परंतु ती बिनतक्रार आली याचा अर्थ तुंब्यात पाणी नाही असा होत नाही. पूर्वीची गाडी करकरून मालकाला हाक मारीत असे. आजची ट्रॉली हाक मारीत नाही, म्हणून तिच्याकडे आपण होऊन जाणे मालकास भाग आहे. तो एक दिवस एप्रिलात न दिल्यास तो जानेवारीत द्यावा लागतो, आणि तोही भररस्त्यात, तोडलेला ऊस वाळत असताना.